रंगाला घातलेला बांध

समारंभाच्या जपानी किमोनोवर फुले, लाटा, करकोचे, पाइनची झाडे हाताने रंगवलेली असतात. हा किमोनो खुंटीला टांगून ठेवत नाहीत. सरळ घड्या घालून, कागदात गुंडाळून तो वर्षानुवर्षे खणात ठेवला जातो. बाहेर काढावा तेव्हा शेवंतीची एक पाकळीही घडीच्या रेषेवर तडकलेली नसते. याउलट नाटकाचा रंगवलेला पडदा लाकडी दांड्यावर गुंडाळूनच ठेवावा लागतो. त्याची घडी घातली, की त्या रेषेवर रंगाला चिरा पडतात आणि पुढे पोपडे सुटतात. दोन्ही ठिकाणी चित्र हातानेच काढलेले असते आणि दोन्ही ठिकाणी ते कापडावरच असते. मग एक तडकते आणि दुसरे का तडकत नाही?

वर बसणारा रंग आणि आत शिरणारा रंग

पडद्याची गोष्ट कोल्हापूरला परकी नाही. मंगळवार पेठेच्या परिसरात, खासबाग मैदानालगत शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ साली पूर्ण झाले. त्याच सुमारास, साधारण १९१० ते १९१६ या वर्षांत, आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेले पडदे गाजत होते. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट अशी दृश्ये रंगमंचावर उभी करण्याची ताकद त्या कुंचल्यांत होती. या पडद्यांचे काम एकाच दिशेने पाहिले जाण्याचे होते. ते अंगावर नेसायचे नव्हते, धुवायचे नव्हते, घडीही घालायची नव्हती.

असे पडदे रंगवताना रंगाची भुकटी सरसात, डिंकात किंवा तेलात कालवतात. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही. चिकट पदार्थ वाळला की तिचा लेप कापडाच्या पृष्ठभागावर घट्ट बसतो. कापड वाकते, पण वाळलेला लेप तितका वाकत नाही, म्हणून तो तडकतो.

वस्त्राचा रंग वेगळ्या जातीचा असतो. तो पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर धाग्यात शिरतो आणि तंतूच्या आतच त्याच्याशी जोडला जातो. वर लेप राहतच नाही, त्यामुळे तडकायला काही उरत नाही. कापडाचा पोत, मऊपणा आणि चमक पूर्वी होती तशीच राहते. हाताने रंगवलेल्या किमोनोचे कापड उलटून पाहिले, तर मागच्या बाजूलाही त्याच चित्राची छाया उमटलेली दिसते.

यामुळे पहिला प्रश्न सुटतो, पण त्याच्या जागी अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. विरघळलेला रंग पाण्यासारखा वाहतो. मग रेशमावर रंगवलेल्या फुलाची कड सुईच्या टोकाइतकी बारीक आणि स्वच्छ कशी राहते?

थेंब का पसरतो

ताणलेल्या रेशमावर रंगाचा एक थेंब टाकला की तो क्षणात मोठा डाग होतो. धाग्यात कितीतरी बारीक तंतू शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटी पाणी ओढून घेतात. दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच ओढीने. शास्त्रात तिला केशाकर्षण म्हणतात. कापडात उभे आणि आडवे असे दोन्ही धागे असल्याने रंग चारही दिशांना धावतो.

रेशमात ही ओढ विशेष जाणवते. कोशातून काढलेल्या कच्च्या धाग्याभोवती सेरिसिन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. धाग्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा भाग त्याचाच भरतो. साबणाच्या गरम पाण्यात उकळून तो काढला, की आतला मऊ, चमकदार तंतू मोकळा होतो. हा तंतू प्रथिनाचा असतो. त्यातील काही गट रंगाच्या कणांना विद्युतभाराने ओढून घेतात, म्हणून रेशीम रंग भराभर आणि गडद घेते. कापसाच्या सेल्युलोजला हा गुण नाही. त्यावर रंग टिकवायचा तर तुरटीसारखा मध्यस्थ लागतो. म्हणजे रेशमावर रंग चढवणे सोपे, पण तो हव्या त्या जागी थांबवणे अवघड.

एक मार्ग म्हणजे रंगवायचेच नाही. पैठणीचा मोर असा तयार होतो. रेशमाचे धागे आधी रंगवून घेतात आणि पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने फिरवतात. एका रंगाचा बाणा दुसऱ्याला भेटतो तिथे तो त्याच्यात अडकवून मागे वळवतात. रंग पसरण्याची भीतीच नाही. मात्र चित्र उभ्या-आडव्या धाग्यांच्या चौकटीत बांधलेले राहते. मोराच्या मानेचा बाक जवळून पाहिला तर बारीक पायऱ्यांनी बनलेला दिसतो. पैठणीच्या नक्षीला जो ठामपणा आहे तो या पायऱ्यांतूनच येतो. पण वाऱ्यावर कललेल्या गवताची एकच लपेटदार रेघ मागाला काढता येत नाही. त्यासाठी कलम किंवा कुंचला लागतो, आणि तो हाती घेतला की रंग अडवण्याची युक्तीही लागते.

बांध

भाताच्या खाचरात पाणी सगळीकडे सारखे पसरते, पण बांधापाशी थांबते. पाणी कुठे राहील हे बांध ठरवतो. पाण्याला कोणी हाताने आकार देत नाही. कापडावर चित्र काढण्याची जगातली एक मोठी परंपरा याच तत्त्वावर चालते. आधी पाणी न शिरू देणाऱ्या पदार्थाने रेघ काढायची, मग रंग सोडायचा आणि शेवटी तो पदार्थ काढून टाकायचा. जिथे बांध होता तिथे कापडाचा मूळ रंग राहतो. म्हणून पांढरी दिसणारी रेघ पांढऱ्या रंगाने काढलेली नसते. ती रंगातून वाचवलेली जागा असते.

हा पदार्थ कोणता, यावर बाकी सगळी पद्धत ठरते. जावा बेटावरच्या बाटिकमध्ये आणि दक्षिण भारतातल्या कलमकारीत मेण वापरतात. जपानच्या युझेन पद्धतीत तांदळाची खळ वापरतात. मेण झटपट थिजते आणि पाण्याला पक्के अडवते, पण मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. खळ वाळायला वेळ घेते, मात्र वाफेत टिकते आणि नंतर साध्या पाण्यात सुटते. एका पदार्थातला हा एवढा फरक पुढे दोन वेगळ्या परंपरा घडवतो.

करुप्पूर : तंजावरच्या मराठ्यांचे लग्नवस्त्र

मराठी इतिहासात या विद्येचे सर्वांत श्रीमंत उदाहरण महाराष्ट्राबाहेर सापडते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि तिथे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दरबारी मराठीत व्यवहार, मोडीत दफ्तरे, सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय, या गोष्टी बऱ्याच वाचकांना माहीत असतात. तंजावरच्या वस्त्रकलेची ओळख त्या मानाने फार कमी आहे, आणि ही उणीव खटकण्याजोगी आहे.

कोल्लिडम नदीकाठचे कोडाली करुप्पूर हे गाव आज तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात येते. तिथले विणकर आणि रंगारी तंजावरच्या राजघराण्यासाठी साड्या, धोतरे आणि पागोट्याची वस्त्रे करत. हे कापड बाजारात विकायचे नसे. ते राजघराण्यासाठी आणि दरबारी मानाच्या भेटींसाठी असे. कोल्हापूर, सातारा आणि बडोदा या मराठा राजघराण्यांतही करुप्पूरच्या साडीला लग्नाची साडी म्हणून मान होता. घराण्यांच्या सोयरिकी तंजावरपर्यंत पोहोचत होत्या. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई तंजावरच्या होत्या. १८८० मधल्या त्या लग्नाबरोबर तिकडच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला आले.

करुप्पूरचे कापड रेशमाचे नव्हते. ते अत्यंत तलम सुताचे होते. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यात पैठणीचा मार्ग आणि कलमाचा मार्ग एकत्र येतात. विणतानाच जिथे नक्षी हवी तिथे जरीचे तुकडे हाताने घालत, साधारण जामदानी विणतात त्या रीतीने. माग सोन्याची ठिपकी, पान, कुयरी अशा जागा भरून देई, पण त्यांच्या कडा पायरीच्याच राहत. मग कापड रंगाऱ्याकडे जाई. तो मेणाच्या कलमाने त्या सोनेरी आकारांची बाह्यरेषा आणि आतली शिरांची नक्षी काढी, आणि उरलेली जमीन गडद लाल, तांबूस तपकिरी व काळ्या छटांत रंगवली जाई. जरीवर रंग सुताइतका चढत नाही, त्यामुळे लाल जमिनीखालूनही सोने मंद चमके. माग आणि कलम यांचे काम एकमेकांवर नेमके बसले नाही, तर सगळी नक्षी दुहेरी दिसायची. विणकराने काही आठवड्यांपूर्वी टाकलेल्या धाग्यावर रंगाऱ्याची रेघ बिनचूक उतरायची, हे या कापडाचे खरे कौशल्य होते. उरलेले नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि अहमदाबादच्या कॅलिको या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांची पहिली छाप भपक्याची पडत नाही. सोने आणि लाल एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की जरी दिसायला कापड हलवावे लागते.

लाल रंग आणि मेण एकत्र कसे नांदतात

कोरोमंडल किनाऱ्यावरचा जुना लाल रंग चाय नावाच्या झुडपाच्या मुळांतून येई. तमिळमध्ये त्या मुळांना सायवेर म्हणतात. त्यातले अलिझरिन हे द्रव्य सुतावर एकटे टिकत नाही. तुरटीतला ॲल्युमिनियम सुताला धरतो, अलिझरिन ॲल्युमिनियमला धरते आणि न विरघळणारा लाल रंग तयार होतो. यासाठी कापड रंगाच्या पाण्यात उकळावे लागते, आणि उकळत्या पाण्यात मेण टिकत नाही.

कारागिरांनी काढलेली वाट साधी आणि पक्की आहे. मेण लाल रंगाला अडवतच नाही, ते तुरटीला अडवते. आधी मेणाची रेघ काढतात, मग त्यावरून गार तुरटीचे पाणी फिरवतात. रेघेखाली तुरटी पोहोचत नाही. पुढे कापड उकळले की मेण वितळून जाते, पण तोवर त्याचे काम झालेले असते. तुरटी असलेली जागा लाल होते. तुरटी नसलेल्या जागेवर नुसता फिका डाग राहतो आणि तो धुऊन, उन्हात वाळवून निघून जातो. रंग कुठे बसणार हे रंगाच्या हंड्यात नव्हे, त्याच्या आधीच ठरलेले असते.

या भागातली पद्धत फ्रेंच जेझुइट पाद्री कर्दू यांनी १७४२ साली एका पत्रात तपशीलवार लिहून ठेवली. युरोपला भारतीय छिटाचे रहस्य हवे होते आणि त्यासाठी त्यांनी स्थानिक रंगाऱ्यांकडून एकेक पायरी समजून घेतली होती.

म्हशीचे दूध, सोयाबीनचे दूध

त्या पायऱ्यांमधली एक अगदी घरगुती वाटते. कलमकारीत रंगाला हात लावण्यापूर्वी कापड हिरड्याची पूड घातलेल्या म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हिरड्यातले टॅनिन सुताला चिकटते आणि पुढे तुरटीला व लोखंडाच्या काळ्या रंगाला पकड देते. हा काळा रंग लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून करतात. कलमात असताना तो फिका असतो आणि हिरडा लावलेल्या कापडाला टेकताच काळा होतो. दुधाचे काम निराळे आहे. त्यातली स्निग्धता धाग्यांमधल्या फटींची ओढ कमी करते, त्यामुळे कलमाची रेघ फुटत नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, म्हणून तेच पसंत करतात.

इथून हजारो किलोमीटर लांब, क्योतोत, रंगारी किमोनोचे रेशीम रंगवण्यापूर्वी त्यावर भिजवून वाटलेल्या सोयाबीनचे गाळलेले दूध ब्रशने फिरवतात. सोयाबीनचे प्रथिन धाग्यावर पातळ थर धरते. रंग एकसारखा बसतो, डाग पडत नाहीत आणि कड सुटत नाही. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांनी एकच अडचण ओळखली आणि आपापल्या स्वयंपाकघरात होते त्यातूनच उत्तर काढले.

क्योतोचा पंखे रंगवणारा

युझेन हे नाव मियाझाकी युझेनसाई या कलावंतावरून पडले. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो क्योतोत घडीचे पंखे रंगवण्यासाठी प्रसिद्ध होता. त्या काळी श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरात भरजरी कपड्यांची चढाओढ लागली होती. १६८३ साली शासनाने सोन्याचे भरतकाम आणि अंगभर केलेली बारीक बांधणी यांवर निर्बंध घातले. जरी आणि भरतकामाची वाट अरुंद झाली, तेव्हा कुंचल्याची वाट रुंद झाली. युझेनसाईची पंख्यावरची चित्रे लोकांना अंगावर हवी झाली, आणि १६८८ साली त्याच्या शैलीच्या किमोनो-नक्ष्यांचे पुस्तकही छापले गेले. खळीने रंग अडवण्याची रीत त्याच्या आधीपासून होती. त्याच्या काळात ती इतकी बारीक झाली, की तिने कागदावरच्या चित्राची बरोबरी करता येऊ लागली.

तांदळाची रेघ

युझेनचा आराखडा प्रथम आओबाना नावाच्या निळ्या फुलाच्या रसाने रेशमावर काढतात. या रसाची खुबी अशी, की पाणी लागताच तो निघून जातो आणि मागे खूण उरत नाही. रंगाऱ्याला हवे तेवढे फिरून काढण्याची मोकळीक मिळते.

मग खळ येते. चिकट जातीच्या तांदळाचे पीठ आणि तांदळाचा कोंडा शिजवून, त्यात थोडे मीठ व चुना घालून ती मळतात. पर्सिमॉन या फळाच्या रसाने टिकाऊ केलेल्या कागदाचा शंकू करतात आणि त्याच्या टोकाला धातूची बारीक नळी बसवतात. मेंदी काढणाऱ्यांच्या हातात असतो तसाच हा शंकू. बोटांच्या दाबाने त्यातून दोऱ्याइतकी बारीक खळ येते आणि निळ्या आराखड्यावर उमटते. जपानीत या रेघेला इतोमे म्हणतात. हात थबकला तर रेघ जाड होते, घाई झाली तर तुटते. तुटलेल्या जागेतून रंग शेजारच्या पाकळीत शिरतो आणि तो परत काढता येत नाही. युझेनमधली सगळ्यांत कसोटीची पायरी हीच.

खळ वाळल्यावर कापड बांबूच्या लवचिक काड्यांनी ताणतात. या काड्यांच्या दोन्ही टोकांना सुया असतात. त्या कापडाच्या कडांमध्ये टोचल्या की काडी धनुष्यासारखी वाकते आणि कापडावर सुरकुती राहत नाही. मग प्रत्येक बंदिस्त जागेत कुंचल्याने रंग भरतात. खालून मंद उष्णता देतात, म्हणजे रंग पसरण्याआधी सुकतो. पाकळीच्या टोकाला गडद आणि बुडाशी फिकट अशी छटा हवी असेल, तर रुंद ब्रशची एक कड रंगात आणि दुसरी पाण्यात बुडवतात. एकाच फटकाऱ्यात गडदपासून फिकटपर्यंतचा प्रवास उमटतो. बांध कडेला पक्का असतो म्हणूनच आत रंगाला इतके मोकळे सोडता येते.

नक्षी पूर्ण झाली की ती सगळी खळीने झाकतात आणि तिच्यावर लाकडाचा भुसा भुरभुरतात, म्हणजे ओली खळ चिकटत नाही. आता पार्श्वभूमीचा रंग येतो. कापडाची पूर्ण लांबी खोलीभर ताणून रुंद ब्रशने एका दमात रंगवतात. मध्ये थांबले तर वाळलेल्या आणि ओल्या भागांच्या सीमेवर डाग पडतो, आणि महिनाभराचे काम वाया जाऊ शकते.

आठ तुकड्यांवर एक चित्र

किमोनोचे कापड साधारण ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद आणि १२-१३ मीटर लांब असते. ते वक्र कापत नाहीत. सरळ कापून आठ तुकडे करतात: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पट्ट्यांचे दोन आणि गळ्याचे दोन. अंगाचा तुकडा पुढून खांद्यावरून मागे जातो. त्यामुळे पाठीच्या मध्यावर, बाजूंना आणि पुढे शिवणी येतात.

समारंभाच्या किमोनोवर मात्र एखादी फांदी बाजूच्या शिवणीतून पुढे येते आणि कुठेही तुटत नाही. त्यासाठी पांढरे रेशीम आधी मापाने कापून कच्च्या टाक्यांनी किमोनो उभा करतात. त्यावर आओबानाने संपूर्ण चित्र काढतात. मग टाके उसवून तुकडे पुन्हा एका लांब पट्टीत जोडतात आणि खळ, रंग, वाफ ही सगळी कामे या सपाट पट्टीवर होतात. काम करताना रंगाऱ्याच्या समोर फांदीचा एक तुकडा इथे आणि दुसरा कित्येक हात पलीकडे असतो. दोन्ही तुकड्यांतली हिरवी छटा हुबेहूब जुळली, तरच शेवटी शिवण दिसेनाशी होते. हाताने रंगवलेल्या किमोनोची किंमत समजून घ्यायची असेल, तर फुलांआधी शिवणींकडे पाहावे.

कापडही साधे नसते. त्यासाठी बहुधा चिरिमेन हे दाणेदार रेशीम वापरतात. क्योतोच्या उत्तरेचा तांगो प्रदेश त्यासाठी प्रसिद्ध आहे. आडव्या धाग्याला खूप पीळ देऊन विणतात. डिंक काढल्यावर पीळ आखडतो आणि कापडावर बारीक दाणा उठतो. त्या दाण्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून रंग खोल दिसतो आणि रेशमाची झगमग मऊ होते.

चौकट : कोणत्या किमोनोवर चित्र कुठे?
*तोमेसोदे* – विवाहित स्त्रीचा सर्वांत औपचारिक किमोनो. काळी जमीन, चित्र फक्त कमरेखाली. लग्नात वधूवरांच्या आया तो नेसतात. पाठीवर, दोन्ही बाह्यांच्या मागे आणि छातीच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच कुलचिन्हे असतात. काळा रंग देताना ती वर्तुळे झाकून ठेवतात, म्हणून ती पांढरी राहतात.
*फुरिसोदे* – अविवाहित तरुणीचा. लांब लोंबत्या बाह्या, चित्र अंगभर.
*होमोंगी* – भेटीगाठी आणि समारंभांचा. चित्र खांद्यापासून पायघोळापर्यंत शिवणी ओलांडत जाते. विवाहित-अविवाहित दोघीही नेसतात.

वाफ आणि पाणी

ब्रशने लावलेला रंग वाळला तरी अजून रेशमाचा झालेला नसतो. पाणी लागले तर तो वाहून जाईल. म्हणून कापड बंद पेटीत साधारण १०० अंशांच्या वाफेवर धरतात. वाफेचा ओलावा वाळलेला रंग पुन्हा थोडा विरघळवतो, उष्णतेने तंतू फुगतो, आणि रंगाचे कण आत शिरून प्रथिनाला जोडले जातात. ओलावा कमी पडला तर रंग कच्चा राहतो. पेटीत पाण्याचा थेंब गळला तर डाग पडतो. खळ हे सगळे सोसते. मेण या पेटीत काही मिनिटांत वितळून गेले असते, आणि रेशमाला वाफेशिवाय असा पक्का रंग मिळाला नसता. वाफेच्या या टप्प्यात तांदळाची खळ मेणापेक्षा सोयीची ठरते.

शेवटी खळ आणि जास्तीचा रंग धुऊन काढायचा. क्योतोत कामो नदीत आणि युझेनचे दुसरे केंद्र असलेल्या कानाझावात आसानो नदीत रंगारी गुडघाभर पाण्यात उभे राहून लांबच लांब रेशीम प्रवाहात सोडत. वाहते पाणी हवेच. साचलेल्या पाण्यात सुटलेला रंग शेजारच्या पांढऱ्या जागेवर पुन्हा बसतो. प्रवाह तो लगेच घेऊन जातो. नदी दूषित होऊ नये म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे काम बहुतेक सगळे इमारतींच्या आत, बांधून काढलेल्या कृत्रिम प्रवाहांत हलवण्यात आले.

क्योतो आणि कानाझावा

युझेनच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. क्योतोत काम वाटलेले असते: आराखडा एकाचा, खळ दुसऱ्याची, रंग तिसऱ्याचा, वाफ आणि धुणे आणखी कोणाचे. रंगकामानंतर सोन्याचा वर्ख आणि भरतकामही येते. तिथली छटा बहुधा आतून गडद आणि बाहेर फिकट जाते. कानाझावाच्या कागा युझेनमध्ये उलट, कड गडद आणि आत फिकट. तिथे निळा, किरमिजी, पिवळसर माती, गवती हिरवा आणि जांभळा असे पाच रंग परंपरेने मानले जातात. वर्ख आणि भरतकाम टाळतात, आणि पानावर किडीने कुरतडलेली छिद्रेसुद्धा काढतात. सुंदर पानाला भोक पाडणारी ही नजर कागाला एका वेगळ्याच उंचीवर नेते. सोन्याचा आधार नसल्यामुळे सगळे ओझे रेघेवर आणि छटेवर येते. कागाच्या किमोनोवर रंगवणाऱ्या कलावंताची मुद्राही असते.

जपान सरकारने १९५५ साली कागा युझेनचे किमुरा उझान यांना, तर १९६७ साली क्योतोचे मोरिगुची काको यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाचे धारक म्हणून मान दिला. मोरिगुचींनी वाळलेल्या खळीचे कण ओल्या कापडावर भुरभुरून धुक्यासारखी ठिपक्यांची पार्श्वभूमी काढण्याची जुनी रीत पुन्हा वापरात आणली. तिथे बांधाची रेघ नाहीच, नुसते विखुरलेले कण रंग अडवतात. त्यांचे पुत्र मोरिगुची कुनिहिको यांना २००७ साली हाच मान मिळाला.

एकीकडे आश्रय संपला, दुसरीकडे बाजार मिळाला

१८५५ साली तंजावरचे शिवाजी दुसरे यांच्या निधनानंतर कंपनी सरकारने पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन राज्य खालसा केले. करुप्पूरला गिऱ्हाईक एकच होते आणि ते गेले. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन प्रयोगशाळेत बनवले, आणि पुढच्या काही वर्षांत कारखान्यातल्या स्वस्त लाल रंगाने चायच्या मुळांची जागा घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करुप्पूरचे काम जवळजवळ थांबले होते.

अशाच रासायनिक रंगांनी जपानमध्ये उलटा परिणाम केला. क्योतोच्या हिरोसे जिसुके याने हे रंग खळीतच मिसळले आणि कागदाच्या कोरीव साच्यातून ती रंगीत खळ कापडावर ओढली. साच्याचे युझेन स्वस्त झाले, मध्यमवर्गीय घरांत पोहोचले, आणि हाताने काढलेले युझेन समारंभाच्या वस्त्रांसाठी राहिले. राजवाड्याच्या पलीकडे हजारो गिऱ्हाइके असल्यामुळे एक परंपरा बदलत बदलत टिकली. करुप्पूरला ती संधी मिळाली नाही. कौशल्यात तिथे उणीव नव्हती.

हातकाम कसे ओळखावे

आता छपाईची यंत्रे संगणकावरचे चित्र थेट रेशमावर उतरवतात आणि पांढरी बाह्यरेषाही छापतात. तरी पाहण्यासारख्या काही जागा आहेत. हाताच्या खळीची रेघ सर्वत्र सारख्या जाडीची नसते. वळणावर ती किंचित फुगते आणि टोकाला निमुळती होते. छापलेली रेघ बहुधा एकसारखी असते. छापील रंग बऱ्याचदा वरच्या बाजूला अधिक राहतो, त्यामुळे कापडाची पाठ फिकी पडते; हाताच्या कामात पाठीवरही चित्र ओळखू येते. एकच फूल पुन्हा पुन्हा आले असेल तर दोन फुले शेजारी धरून पाहावीत. हातातून निघालेल्या दोन पाकळ्यांमध्ये रंग सारख्याच जागी गडद होत नाही. करुप्पूरच्या जुन्या तुकड्यांवर हीच तपासणी जरीच्या कडेला करतात: सोन्याच्या पायऱ्या कुठे संपतात आणि मेणाची रेघ त्यांना किती जवळून वळसा घालते, ते भिंगाखाली पाहून.